लक्ष्मीबाई टिळक : चुलीपाशी झालेले धर्मांतर

दीक्षा घ्यायला एक दिवस पुरतो. त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा म्हणायला तर तासही लागत नाही. पण दीक्षा घेऊन घरी परतल्यावर काय होते, हे तुम्हाला सांगायला नको. देव्हारा रिकामा होतो, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागते, आणि तरीही सासूबाईंच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेला खंडोबाचा टाक तसाच असतो. लेकरू तापाने फणफणले की मध्यरात्री कोणीतरी गुपचूप मरीआईला नारळ कबूल करते. मग सकाळी घरात भांडण. पुरुष म्हणतो, बाई अडाणी, बाईमुळे धम्म घरात येत नाही. पण त्या बाईला आधी कोणी काही विचारले होते काय? नवरा निघाला म्हणून ती निघाली, नवऱ्याने हात जोडले म्हणून तिने जोडले. तिच्या मनाचे काय झाले, याची चौकशी आपण करीत नाही.

म्हणून आज मी तुम्हाला एका बाईची जीवनकथा सांगणार आहे. ही बाई आपल्या समाजातली नव्हती आणि आपल्या धम्माचीही नव्हती. ती ब्राह्मण म्हणून जन्मली आणि ख्रिस्ती म्हणून मरण पावली. मग तिची कथा आपल्या पाक्षिकात कशाला, असे तुम्ही विचाराल. कारण असे की, घर धर्मांतर करते तेव्हा चुलीपाशी बसलेल्या बाईवर काय गुदरते, हे मराठीत तिच्याइतके उघड कोणी सांगितलेले नाही. दुसरे, ही कथा आपल्याच जिल्ह्यात, नगरला आणि राहुरीला घडली. आणि तिसरे, जे मला महत्त्वाचे वाटते ते हे की, ज्यांच्या हातचे पाणी या बाईच्या घशाखाली उतरत नव्हते, ती माणसे बहुतांशी तुमच्या-माझ्या पूर्वजांपैकीच होती.

ही बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पत्नी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी फाशी दिली, आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड हाच शब्द योग्य आहे. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायचा नाही. कोणाची सावली पडली, कोणाचा पदर लागला, की पुन्हा स्नान, पुन्हा धुणे. त्या घरातल्या बायकांचे अर्धे आयुष्य पाणी उपसण्यात गेले असेल. अस्पृश्यता आपल्या वाट्याला कशी आली हे आपण जाणतो. ती पाळणाऱ्याच्या घरात बायकामुलांचा कसा छळ होत असे, हे मात्र आपण फारसे ऐकलेले नसते. सोवळ्याच्या त्या घरात छोटी मनू वाढली, आणि विटाळाची भीती तिच्या हाडामांसात भिनली. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी लढाई याच भीतीशी आहे.

अकराव्या वर्षी लग्न झाले. मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. नवरा नारायण वामन टिळक, जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बुद्धी विलक्षण, कविता तोंडातून झऱ्यासारखी निघायची, पण पायाला भिंगरी आणि नाकावर राग. आज या गावी मास्तर तर उद्या त्या गावी. कोणाला न सांगता घरातून निघून जायचे, महिनोन् महिने पत्ता नाही. हातात पैसा आला की मागणाऱ्याला देऊन मोकळे. अशा माणसाबरोबर संसार करायचा म्हणजे काय, हे ज्या भगिनींच्या वाट्याला आले आहे त्यांनाच कळेल. त्यात पहिली मुले लहानपणीच गेली. १८९१ साली मुलगा झाला तो जगला. त्याचे नाव दत्तात्रेय, पुढे देवदत्त.

लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या नादाने. टिळकांनी अनेक गोष्टींत बायकोला त्रास दिला असेल, पण तिच्या हाती पाटी दिली हे त्यांचे मोठे काम. नगरच्या मातीला हे नवे नाही. याच गावात मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घेऊन गेल्या, हे तुम्ही ऐकले असेलच.

आता धर्मांतराकडे वळू.

टिळक हिंदु धर्माच्या जातिभेदाला कंटाळले होते. नागपूरला असताना त्यांनी ग्रंथ धुंडाळले आणि आपल्यापुरता एक धर्म मनाशी मांडायला घेतला होता. त्यात एकच देव होता आणि जातीला जागा नव्हती. १८९३ साली आगगाडीने राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन मिशनरी भेटला. त्याने नवा करार हातात दिला. टिळक वाचत गेले, विचार करीत गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या पाद्र्याच्या हातून नाही, मराठी माणसाच्या हातून घेतला.

बायको कोठे होती? ती माहेरच्या माणसांत होती, पदरात तीनचार वर्षांचे पोर घेऊन. तिला या सगळ्याची पुरती कल्पना नव्हती. बातमी आली ती आकाशातून कुऱ्हाड पडावी तशी आली. त्या काळच्या ब्राह्मण समाजात नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंतपणी मेला. कुंकू लावावे तरी पंचाईत, पुसावे तरी पंचाईत. रडून रडून लक्ष्मीबाईंची दशा वेड्यासारखी झाली. नातेवाईक त्यांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेत होते. नाशिक, पंढरपूर असे दिवस काढले. कोणी दया करीत होते, कोणी टोमणे मारीत होते. चारेक वर्षे नवरा-बायकोची अशी ताटातूट झाली.

मी इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलतो. टिळक मोठे कवी, समतेचे पुरस्कर्ते, हे सर्व मान्य. पण ज्या बाईच्या आयुष्याची आपल्या निर्णयाने राखरांगोळी होणार, तिला बरोबर घेण्याइतका धीर त्यांनी धरला नाही. सत्य सापडल्याची घाई पुरुषाला फार असते. या घाईची किंमत बाई मोजते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी भन्ते चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली तेव्हा माईसाहेब शेजारी उभ्या होत्या, दोघांनी एकाच वेळी घेतली. हा फरक डोळ्यांआड करू नका. ज्या घरात नवरा एकटाच विहारात जातो आणि घरी येऊन फर्मान काढतो, त्या घराने टिळकांच्या संसाराचा हा भाग दोनदा वाचावा.

पण टिळकांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. बायकोला ओढून नेऊन पाण्यात बुडवले नाही. ते नगरला आले, अमेरिकन मराठी मिशनच्या विद्यालयात धर्मशिक्षणाचे काम करू लागले, आणि बायकोची वाट पाहत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. आल्या त्या ख्रिस्ती व्हायला आल्या नव्हत्या, नवऱ्याजवळ राहायला आल्या होत्या. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, भांडी वेगळी. ख्रिस्ती वस्तीत राहून सोवळे सांभाळायचे! नवरा असला तरी आता परधर्माचा. त्याच्या हातचे चालायचे नाही. टिळकांनी हे सगळे चालू दिले. तुझा धर्म तू पाळ, माझा मी पाळतो, अशी त्यांची वागणूक. त्यांच्या रागीट स्वभावाला हे अवघड गेले असेल, पण या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही, आणि मला वाटते की त्यामुळेच पुढचे घडले.

नगरची ख्रिस्ती वस्ती म्हणजे काय होती, हे समजून घ्या. अमेरिकन मिशन नगरला आले १८३१ साली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार, काही मांग. गावकुसाबाहेरून उठून ही माणसे मिशनच्या शाळेत आली, वाचायला शिकली, मास्तर झाली, उपदेशक झाली, त्यांच्या बायका दवाखान्यात आणि शाळेत कामाला लागल्या. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या शेजारणी कोण? स्वच्छ लुगडे नेसून, मुलांना शाळेत पाठवणाऱ्या, पुस्तक वाचणाऱ्या महारांच्या लेकी. आणि ही जलालपूरच्या सोवळ्यातली बाई त्यांच्यापासून पदर आवरून चालते आहे. त्या शेजारणींना काय वाटत असेल, हे त्यांनी लिहून ठेवलेले नाही. आपल्या बायांच्या हाती लेखणी फार उशिरा आली. शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे यांची आत्मकथने पुस्तकरूपाने निघाली ती १९८६ साली. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकानंतर पन्नास वर्षांनी. त्यामुळे नगरच्या त्या अंगणातली गोष्ट आपल्याला एकाच बाजूने ऐकायला मिळते, हे मनात ठेवून ऐकावी.

नगरच्या उत्तरेला मुळा नदीकाठी राहुरी आहे. तिथे मिशनचे डॉक्टर बॅलंटाइन यांचा दवाखाना होता. टिळक कुटुंब तिथे राहिले. राहुरीलाच लक्ष्मीबाईंच्या मनाने उचल खाल्ली. कोणी प्रवचन केले नाही, कोणी चमत्कार केला नाही. एकटी बाई स्वतःशीच वाद घालू लागली. हे भेद देवाने केले की माणसाने? देवाने केले असते तर माणसामाणसांच्या अंगावर त्याची काही खूण दिसली असती. जनावरांच्या जाती वेगळ्या दिसतात. ब्राह्मणाच्या आणि महाराच्या अंगात काय वेगळे आहे? जन्म तसाच, मरण तसेच. मग हे माणसाचेच काम. आणि माणसाचे काम असेल तर माणसाने ते मोडायला काय हरकत? असा हिशेब करून त्या बाईने ठरवले की, आजपासून मी कोणाच्याही हातचे खाईन-पिईन.

बंधु-भगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांनी सुत्तनिपातातले वासेट्ठसुत्त विहारात ऐकले असेल, ते चमकले असतील. वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण वाद घालीत भगवंतांकडे येतात की, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? भगवंत त्यांना गवत, झाडे, किडे, चतुष्पाद प्राणी, मासे, पक्षी यांची उदाहरणे देतात. त्यांच्यात जातीची खूण अंगावरच असते. माणसात केसापासून पायापर्यंत तशी खूण सापडत नाही. माणसातला भेद हा केवळ नावाचा, व्यवहाराचा आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हाच युक्तिवाद राहुरीच्या या बाईने आपल्याआपण, हे सुत्त समोर नसताना, मनाशी मांडला. ती बौद्ध होती असे मी म्हणत नाही. तिला तसे ओढून आणण्याचे कारण नाही. पण माणूस स्वतःच्या बुद्धीने प्रामाणिकपणे विचार करू लागला की कोठे पोचतो, ते पहा.

येथे आणखी एक क्रम ध्यानात घ्या. लक्ष्मीबाईंनी जात आधी टाकली, ख्रिस्ती त्या नंतर झाल्या. जात टाकली तेव्हा येशूवर त्यांची श्रद्धा बसलेली नव्हती. पुष्कळांचे उलटे होते. धर्म बदलतो, जात मागून घरात येते आणि पाटावर बसते. ख्रिस्ती झाल्यानेही जात आपोआप सुटत नाही, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. आणि आपण? पोटजातीत सोयरीक जमवताना आपण काय करतो? मातंग बांधव दीक्षा घेऊन विहारात आला तर त्याच्या घरी जेवायला किती जण जातात? मी शाळामास्तर आहे, मला मुलांच्या तोंडून घरोघरचे कळते. असो.

१९०० साली राहुरीला लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, मुलानेही घेतला. टिळकांनी घेतल्यानंतर पाच वर्षांनी. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता. जुनी माणसे त्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत. माणसे पाचोळ्यासारखी पडत होती. पोरकी झालेली पोरे कोणाच्या जातीची आहेत, हे न विचारता या घरात आली, जेवली, वाढली. ज्या हातांनी पूर्वी सावली पडली म्हणून भांडे पुन्हा घासले, त्याच हातांनी कोणाच्या डोक्यातल्या उवा काढल्या आणि कोणाची खरूज धुतली. पुढे प्लेगाची साथ आली तेव्हाही लक्ष्मीबाई रोग्यांच्या उशाशी बसल्या. जात सोडली असे सभेत सांगणे सोपे. खरजेवर हात ठेवला म्हणजे ती सुटली की नाही ते कळते.

टिळकांच्या नगरच्या घरी माणसांचा राबता असे. कवी, विद्यार्थी, भिकारी, वाट चुकलेले. टिळक कोणालाही घेऊन येत, आणि डब्यात पीठ आहे की नाही ही काळजी लक्ष्मीबाईंची. बालकवी ठोंबरे हे या घरात मुलासारखे राहिले. शाळेच्या पुस्तकात ज्यांची कविता आपण पाठ केली त्या बालकवींना जेवू घालणारी, रुसले की समजूत काढणारी, ही बाई. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले, वय अठ्ठावीसच्या आत. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईला वारले. मृत्यूच्या दोन वर्षे आधी त्यांनी मिशनचा पगार सोडला होता आणि साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार नावाचे नवे कार्य मांडले होते. म्हणजे पैसाअडका मागे ठेवला असेल अशी आशाच नको.

पन्नाशीची विधवा. शाळेचे शिक्षण नाही. आता ही बाई मुलाच्या दारात माळ ओढीत बसेल, असे कोणालाही वाटले असते. पण टिळकांनी येशूच्या चरित्रावर ख्रिस्तायन नावाचे महाकाव्य आरंभले होते आणि दहा-अकरा अध्यायांवर सोडून गेले होते. लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले. किती अध्याय लिहिले असतील? चौसष्ट. नवऱ्याच्या पाटीवर अक्षरे गिरवायला शिकलेल्या बाईने त्या विद्वान नवऱ्याचे काम त्याच्या कितीतरी पट लिहून पुरे केले. ख्रिस्तायन त्यांच्या निधनानंतर, १९३८ साली छापून निघाले.

तरी त्यांचे नाव राहिले ते दुसऱ्याच पुस्तकाने. मुलगा देवदत्त याने टिळकांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला लावल्या. आई लिहीत गेली, आणि नवऱ्याच्या आठवणी लिहिता लिहिता तिचे स्वतःचेच आयुष्य कागदावर उतरले. त्याचे नाव स्मृतिचित्रे. पहिला भाग १९३४ च्या डिसेंबरात निघाला. ते पुस्तक वाचताना पहिल्यांदा जाणवते ती भाषा. पंडिती शब्द नाही, अलंकार नाही. ओट्यावर बसून शेजारणीला सांगावे तसे छोटे छोटे वाक्य. नवऱ्याचे गुण सांगते, दोष सांगते, स्वतःची फजिती तर हसत हसत सांगते. सोवळ्यातल्या बापाचा राग नाही, टोमणे मारणाऱ्या नातेवाइकांवर सूड नाही. माझ्यासारख्या घरात पहिल्यांदा पदवी मिळवलेल्या माणसाला पुस्तकी मराठीचा धाक असतो. आपली भाषा चुकेल, लोक हसतील, असे वाटत राहते. स्मृतिचित्रेने तो धाक बराच कमी केला. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून त्यातले उतारे आले आहेत. तुमच्या मुलांनी एखादा धडा वाचला असेल, पण उताऱ्यात बहुधा टिळकांचा विसरभोळेपणा आणि गंमत असते. राहुरीची ती रात्र उताऱ्यात सहसा येत नाही.

शेवटची वर्षे लक्ष्मीबाईंनी नाशिकला मुलाच्या घरी काढली. हे नाशिक कोणते? २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या नाशकात सुरू झाला तेच. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, हिंदु म्हणून जन्मलो तरी हिंदु म्हणून मरणार नाही अशी घोषणा बाबासाहेबांनी केली ते येवलेही नाशिक जिल्ह्यातलेच. त्या दिवशी लक्ष्मीबाई हयात होत्या. धर्म सोडण्याने घरात काय उलथापालथ होते याचा जिवंत इतिहास असलेली ही सदुसष्ट वर्षांची बाई तेव्हा त्याच जिल्ह्यात आपल्या आठवणी लिहीत होती.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. स्मृतिचित्रेचे लिखाण पुरे व्हायचे होते. मुलाने आपल्या हाताने उरलेली हकीकत सांगून ते पूर्ण केले. नंतर नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टीपांसह त्याची आवृत्ती सिद्ध केली.

हे पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात बहुधा मिळते. नसेल तर ग्रंथपालाला मागवायला सांगा. घरात आईला किंवा सासूबाईंना वाचता येत नसेल तर रात्री जेवणे झाल्यावर थोडे थोडे वाचून दाखवा. भाषा साधी आहे, त्यांना कळेल. राहुरीचा भाग आला की पुस्तक मिटा आणि ट्रंकेतल्या टाकाचा विषय काढू नका. त्यांना आधी बोलू द्या.